वर माटोळी, खाली रिकामं होत जाणारं घर: दृश्यकल्पना नेपथ्य आणि प्रकाशापर्यंत न्यायची कशी?

तिसरी घंटा (डिचोली)

दोन अंकी नवी संहिता, सात पात्रं. चवथीसाठी (गणेशचतुर्थीला) सगळे भाऊ गावच्या मोठ्या घरी जमतात आणि पाच दिवसांत घराची वाटणी होते. माझी दृश्यकल्पना अशी: एकच खोली, घरातली चौकी. डोक्यावर १२ बाय ८ फुटांची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांनी सजवलेली लाकडी चौकट), खाली सामानाने खच्चून भरलेलं घर. नाटक पुढे सरकतं तसं खालचं सामान एकेक करून जातं, वरची माटोळी मात्र शेवटपर्यंत भरलेलीच.

नकाशा ३२ फूट रुंद आणि २४ फूट खोल मंच धरून काढलाय, दर्शनी चौकटीची उंची १६ फूट. स्पर्धेनंतर देवळांच्या मांडवांतही प्रयोग करायचे आहेत, तिथे २० बाय १६ मिळेल असं धरतोय.

नेपथ्य करणारे म्हणतात, ‘काय पाहिजे ते सांगा, बनवून देतो.’ प्रकाशयोजना करणारे म्हणतात, ‘सेट उभा राहू दे, मग बघू.’ यातून प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच नाटक तयार होतंय. ही कल्पना कागदावर कशी मांडावी? आणि माटोळी टांगण्यात काय काय धोके आहेत?

प्लाय-पट्टी (फोंडा)

तुमच्या वर्णनावरून नेपथ्यकार एक छान खोली बांधील. त्याला प्रयोग बांधायचा असेल तर चित्राच्या जोडीला नियम द्या. उदाहरणार्थ: खोलीतून गेलेली वस्तू परत येत नाही, नवी वस्तू आत येत नाही आणि प्रत्येक वस्तू पात्रच नेतं, बॅकस्टेजची मुलं नाहीत. हा नियम मान्य केलात की पुढचे निर्णय आपोआप सुटायला लागतात. मुंबईहून आलेल्या भावाची बॅग वसरीतच (ओसरीवर) राहणार, म्हणजे त्याची एन्ट्री रिकाम्या हातांनी. चहाचा ट्रे आत आणता येणार नाही, म्हणजे कपबश्या पहिल्यापासून खोलीतल्या फडताळात हव्यात. संहितेत ‘शेजारीण मोदकांचं ताट घेऊन येते’ असं असेल तर ते वाक्य किंवा नियम, दोहोंपैकी एक बदलावं लागेल. असे खटके तालमीत उडण्यापेक्षा कागदावर उडालेले बरे.

कागद एकच पान ठेवा. वर एका वाक्यात कल्पना, तिच्याखाली नियम, मग तीन रेखाटनं: पडदा उघडताना, मध्यंतराच्या आधी आणि शेवटी. चित्रकला येत नसेल तर चौकोन आणि काटक्यांची माणसं पुरतात. पानाच्या मागे प्रवेशवार तक्ता: खोलीत काय उरलंय, कोण काय नेतं, कुठल्या दारातून, उजेड कुठून. हे पान नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा आणि पार्श्वसंगीत या चौघांनाही एकाच बैठकीत द्या. वेगवेगळं गाठून सांगितलंत तर पुन्हा चार नाटकं होतात.

मग पुठ्ठ्याचं मॉडेल. एक फुटाला अर्धा इंच धरा, तुमचा मंच १६ बाय १२ इंचांत बसतो. फोनचा कॅमेरा पहिल्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवून फोटो काढा, मग शेवटच्या रांगेच्या आणि बाल्कनीच्या उंचीवरून. निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता खरी अडचण. गणपती बसलेला असताना घरातलं कपाट बाहेर काढणार कोण? गोव्यातला प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारील. म्हणून पहिल्या अंकात फक्त निमित्त असलेल्या वस्तू जाऊ द्या: समई ‘घासायला’, पितळेचं तपेलं ‘सैपाकाला’, आरामखुर्ची ‘बाहेर बसायला’. गेलेली परत येत नाही हे प्रेक्षकाच्या हळूहळू लक्षात येतं. मोठं सामान विसर्जनानंतर, दुसऱ्या अंकात. आणि मग माटोळी भरलेली कशी राहील? विसर्जनानंतर तीही सोडतात. फळं काढून वाटली जाऊ द्या, उरू दे नुसती चौकट. तुमचा शेवट बदलतो, पण वर एक कल्पना आणि खाली दुसरी असं जे झालंय ते एक होईल.

टांगण्याबद्दल. २ बाय १ इंचाच्या पट्टीची १२ बाय ८ची चौकट, आत ८ फुटांच्या ५ आणि १२ फुटांच्या ३ पट्ट्या धरल्या तर लाकूडच २० ते २२ किलो होतं. सोललेला नसेल तर एकेक नारळ किलोच्या वर जातो. दहा नारळ, सुपारीचे घोस, चिबूड आणि केळ्यांचा घड लावलात की नटांच्या डोक्यावर ५० किलो लोंबकळतात. खरं काही लावू नका. स्पंज आणि थर्माकोलवर मांजरपाट चिकटवून रंगवलेली फळं दहा फुटांवरून खरीच दिसतात. चार कोपऱ्यांना पोलादी तार, शिवाय मधोमध स्वतंत्र सुरक्षा साखळी, एक तार सुटली तरी चौकट खाली येता कामा नये. काथ्याचा किंवा सुती दोर नको. हॉलच्या माणसाला बॅटनची (मंचाच्या वरच्या, दिवे-पडदे टांगायच्या आडव्या पाइपाची) भारक्षमता विचारल्याशिवाय तर काहीच टांगू नका.

चौकट जमिनीला समांतर टांगलीत तर मागच्या रांगांना एक आडवी काठी दिसेल. मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली घ्या, साधारण १५ अंश. ८ फूट खोलीला तो फरक दोन फुटांचा येतो. जाळी प्रेक्षकाकडे वळते.

भिंतींसाठी: सामान हलल्यावर मागे स्वच्छ चौकोन दिसले पाहिजेत, तुमची कल्पना खरं तर तिथेच बोलते. फ्लॅटला (भिंत म्हणून उभ्या केलेल्या प्लायच्या चौकटीला) मूळ रंग द्या, जिथे कपाट, फोटो, घड्याळ होतं तिथे त्या आकाराचे कागद चिकटटेपने लावा. मग पाण्यात पातळ केलेला तपकिरी डिस्टेंपर स्पंजने सगळीकडे थापा, खाली जास्त, वर कमी. वाळल्यावर कागद काढा. डिस्टेंपरमध्ये थोडं फेविकॉल घाला, नाहीतर नटाच्या पाठीला रंग लागतो. मूळ रंग पांढरा नको. पांढरी भिंत प्रकाश परत फेकते आणि चेहरे काळवंडतात. चुन्याची भिंत दाखवायची असली तरी राखाडी झाक असलेला पिवळसर रंग घ्या, दिव्याखाली तो पांढराच वाटतो. गोव्याच्या दमट हवेत एकाच बाजूने रंगवलेला पातळ प्लाय वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात मारा. फ्लॅटच्या जोडावर तीन इंची मांजरपाटाची पट्टी चिकटवून मगच रंग.

जिलेटिन (मडगाव)

प्लाय-पट्टींनी वजन सांगितलं, मी सावल्या सांगतो.

समोरून ४५ अंशांनी येणारा प्रकाश चौकटीच्या खाली उभ्या असलेल्या नटाच्या चेहऱ्यावर नीट पोचतो, कारण तो चौकटीच्या पुढच्या कडेखालून आत शिरतो. घोटाळा मागे होतो. मागची कड १२ फूट उंचीवर, पुढची १४ फूट उंचीवर धरा. नट मागच्या कडेच्या अर्धा फूट मागे सरकला की चेहऱ्यावर पट्ट्या पडायला लागतात, त्या थेट साडेसहा फूट मागे जाईपर्यंत. तुमच्या नकाशात नेमकं तिथेच देवघराचं दार असणार. चौकट ८ बाय ५ केलीत तर हा पट्टा तीन फुटांपासून सुरू होतो. तेवढ्या जागेला विंगेतून, डोक्याच्या थोड्या वरून, दोन्ही बाजूंचा आडवा प्रकाश द्या. समोरचा कमी करा, बंद नको.

पुष्कळ हॉलमध्ये आता एलईडी पार (एलईडी दाण्यांचे रंग बदलणारे दिवे) आहेत. लाल, हिरवे, निळे दाणे वेगवेगळे दिसणारा दिवा चौकटीवर मारलात तर प्रत्येक पट्टीला तीन रंगांच्या सावल्या येतात. माटोळीवर असा दिवा अजिबात नको.

शेवटी रिकाम्या चौकटीची सावली जमिनीवर हवी असेल (कुणालाही हवीशी वाटेल) तर खऱ्या चौकटीकडून ती मिळणार नाही. दिवा २२ फुटांवर, चौकट १२ वर, म्हणजे दोन इंची पट्टीची सावली जमिनीवर साधारण साडेचार इंच रुंद. पण दिव्याचं भिंग सहा इंची असलं तर सावलीच्या कडा सात इंचांपर्यंत पसरतात, आणि हाती लागतो एक धुरकट डाग. शिवाय १२ बाय ८ची चौकट एका दिव्याच्या झोतात मावत नाही आणि दुसरा लावला की सावली दुहेरी. त्यापेक्षा प्रोफाइलमध्ये (धारदार कडांचा झोत देणाऱ्या दिव्यात) गोबो (नक्षी कापलेली पत्र्याची चकती) घाला. ५० अंशांचा प्रोफाइल २२ फुटांवरून सरळ खाली सुमारे २० फूट व्यासाचं वर्तुळ झाकतो. ऑफसेट छपाईची जुनी ॲल्युमिनियम प्लेट कापून जाळीचा गोबो घरी बनतो. दिवा चौकटीच्या पुढच्या बॅटनवर ठेवावा लागेल, त्यामुळे झोत तिरका पडेल आणि जाळी मागे रुंदावेल. तेवढं धरून गोबोतली जाळी उलट बाजूला निमुळती कापा. फोकस किंचित सैल ठेवा, फार धारदार जाळी जमिनीवर छापल्यासारखी दिसते.

आणि प्रकाशाची मुख्य गोष्ट. घर रिकामं होतंय म्हणून उजेड कमी करत नेण्याचा मोह होतो. उलटं करा. रिकामेपण अंधारात दिसतच नाही, अंधारात नुसता अंधार असतो. पहिल्या अंकात सामानामधले कोपरे उबदार, तुकड्यातुकड्यांत, मधे मधे काळोख. वस्तू जाईल तसे ते तुकडे एकमेकांना भिडत जाऊ द्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटी अख्खी खोली सपाट, थंड, दारा-खिडक्यांतून आल्यासारख्या प्रकाशात. भिंतीवरचे चौकोन दिसायचे तर हाच समोरचा सपाट प्रकाश हवा. बाजूने घासत जाणारा दिलात तर चौकोन राहतील बाजूला, फ्लॅटचे जोड दिसतील.

मांडवकरी (काणकोण)

मांडवात बॅटन नसतो, बहुतेक ठिकाणी फक्त पडद्याची दोरी. छप्पर पत्र्याचं, कधी दहा-अकरा फुटांवर. आडव्या पाइपांवर माटोळीचा भार टाकायला देवस्थान समिती सहज तयार होणार नाही, होऊही नये. त्यामुळे चौकट टांगायची नसून उभी करायची असं समजा: दोन खांब मागे, दोन पुढे, चारी पायांना वजनं. ८ बाय ५च्या वर जाऊच नका. मंच २० फुटांचा, विंग मिळेल सहा फूट, त्यात नटही आणि तुमचं ‘गेलेलं’ सामानही. कपाट तर तिथे शिरणारही नाही.

माझं थोडं वेगळं मत. माटोळी प्रेक्षकाला ओळखीची आहे म्हणून सुंदर दिसेल, टाळीही मिळेल, पण नाटकाचा अर्धा जीव सामानाच्या हलण्यात आहे आणि नजर वर गेली तर ते सुटतं. पेडण्यातल्या दशावताराकडे बघा: एक बाकडं, मागे एक पडदा. बाकड्यावर राजा बसला की सिंहासन, त्यावर चढला की डोंगर. ती वस्तू काय आहे हे नटाच्या अंगातून कळतं. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये १९७२ साली ओळीने उभ्या ब्राह्मणांची भिंत झाली, ती फुटली, वळली, पाठ फिरवून उभी राहिली. तिथे भिंतीसाठी प्लायचा एक तुकडाही लागला नाही. तुमच्याकडे सात पात्रं आहेत. सगळं घर बांधत बसण्याऐवजी पाच मोठ्या वस्तू निवडा आणि प्रत्येकीला नटाकडून एक ठरलेली वागणूक मिळू द्या.

जत्रेत रंगवलेल्या पडद्यांची सवय असलेला प्रेक्षक एकाच खोलीचं नाटक बघणार नाही असं म्हणणारे भेटतील. त्यात तथ्य नाही. राजमार्ग, महाल, जंगल यांचे पडदे बदलत होते कारण संहिता जागा बदलत होती.

तिसरी घंटा (डिचोली)

सगळ्यांचे आभार. चौकट ८ बाय ५. माटोळी दुसऱ्या अंकात सोडायची, हे तर संहितेलाच हवं होतं असं आता वाटतंय. मांडवकरी बाब, माटोळी काढत नाही, पण पाच वस्तूंचं म्हणणं पटलं. सध्या यादीत २३ वस्तू आहेत. आता दोन प्रश्न. सामान ब्लॅकआउटमध्ये हलवायचं की उजेडात? आणि तालीम हॉलमध्ये ना सेट ना सामान, मग तालीम कशी बसवायची?

विंगेतून (म्हापसा)

उजेडात. ब्लॅकआउटमध्ये गेलेलं कपाट प्रेक्षकाच्या हिशेबात बॅकस्टेजवाल्यांनी नेलेलं असतं, भावाने नव्हे. शिवाय काळोखात दोन माणसं कपाट उचलणार म्हणजे वीस-पंचवीस सेकंद, आणि तेवढ्यात सभागृह खोकायला लागतं. एकच अपवाद ठेवा: मध्यंतर. मध्यंतरानंतर पडदा उघडला की एक मोठी वस्तू नाही, एवढं चालतं, कारण तेव्हा प्रेक्षक स्वतःच शोधतो.

२३ वस्तूंपैकी पाच मोठ्या सोडल्या तर बाकीच्या फक्त खोली भरण्यासाठी आहेत, त्या नटाच्या हातात मावतील अशा निवडा. हळूहळू कमी होणारं कुणाच्या लक्षात येत नाही. पाच मोठ्या वस्तू पाच वेगळ्या क्षणी, प्रत्येकीच्या आधी किंवा नंतर निदान चार-पाच सेकंद कुणी बोलायचं नाही. कपाट म्हणजे पुढची बाजू आणि दोन कडा, मागे काही नाही, तीन इंची रबरी चाकं आणि खाली लाकडी पाचर म्हणजे ब्रेक. प्लास्टिकची चाकं लाकडी मंचावर ढोल वाजवतात. नटाने ते जड असल्यासारखं ढकलायला शिकलं पाहिजे, आणि हे शेवटच्या आठवड्यात येत नाही.

म्हणून तालीम पहिल्या दिवसापासून जमिनीवरच्या टेपने. नकाशा प्रत्यक्ष मापात आखा: दारं एका रंगात, सामान दुसऱ्या, माटोळीच्या चारी कडा तिसऱ्या. मांडवाचा २० बाय १६ चौथ्या रंगात त्याच जागी आतल्या बाजूला. कपाटाच्या जागी त्याच रुंदीचं टेबल किंवा पुठ्ठ्याची खोकी रचा. प्लास्टिकची खुर्ची कपाट नव्हे, तिच्यावरून पलीकडचं दिसतं. पहिल्या अंकात सामानामधून दोन फुटांच्या वाटा ठेवल्यात तर नट अंग चोरून, तिरके होऊन जातील, एकमेकांना घासतील, आणि भावांमधला ताण त्याच वाटांत तयार होतो. दुसऱ्या अंकात तीच दोन माणसं १५ फुटांवर उभी राहतील आणि त्यांना हातांचं काय करायचं कळणार नाही. ते कळेनासं होणं दिग्दर्शकाने तालमीतच हेरायचं आणि त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं. मोकळ्या हॉलमध्ये बसवलेले मूव्हमेंट्स सेटवर गेल्यावर एकही उरत नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल.

आवाजाकडे कुणी वळलं नाही म्हणून: मऊ सामान, गाद्या, पडदे, कपड्यांची बोचकी आवाज शोषून घेतात. ती गेल्यावर प्लायचे फ्लॅट आणि मोकळी जमीन आवाज परत फेकते. छोट्या हॉलमध्ये हा फरक कानाला कळतो. पार्श्वसंगीत करणाऱ्याने मुद्दाम घुमारा घालायची गरज नाही, फक्त पहिल्या अंकात सतत चालू असलेले आवाज (आरती, तिच्यासोबत वाजणारं घुमट हे वाद्य, सैपाकघर, पाऊस) एकेक करून काढून घ्यायचे. वस्तूंसाठी जो नियम तोच आवाजाला: गेला तो परत येत नाही.

विंगेत प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा आणि नाव लिहा. सामान बाहेर येत जाईल तसतशी विंग भरत जाते, आणि तुमच्या नाटकात तर ती मंचाच्या उलट चालते. उजव्या विंगेतून किती जातं, डावीकडून किती, हे तक्त्यात आधीच वाटून घ्या, नाहीतर दुसऱ्या अंकात कपाट दारातच अडकेल आणि पुढची एन्ट्री त्याच दारातून असेल. मांडवासाठी तर मोठ्या वस्तू मागच्या बाजूने थेट मंचाखाली उतरवायची सोय बघा: एक फळी, खाली दोन माणसं.

रंगीत तालमीआधी एक पूर्ण तालीम फक्त सामानाची घ्या, संवाद न म्हणता. प्रत्येक हालचालीच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य तेवढं म्हणायचं. घड्याळ लावा. मांडवाच्या मापाची तीच तालीम वेगळी, कारण तिथे पावलं कमी होतात आणि चार सेकंदांची शांतता दोनच सेकंदांची होते.

जिलेटिन (मडगाव)

एक राहिलं. मांडवात गोबोचं विसरा, २२ फूट उंची मिळणार नाही. दहा फुटांवरून ५० अंशांचा प्रोफाइल नऊ-सव्वानऊ फुटांचंच वर्तुळ देतो. तिथे उभ्या चौकटीवर दोन्ही विंगांतून कमी उंचीवर एकेक दिवा, जाळी मागच्या भिंतीवर पडू दे. सावली दुहेरी येईल, पण भिंत जवळ असल्याने खपून जाईल. आणि त्या दोन दिव्यांसाठी डिमरच्या दोन वेगळ्या लाइनी आधीच मागून ठेवा.